कोडॉन ते प्रथिन: रायबोझोमचं काम कागदावर बिनचूक कसं करावं

डीएनएचा तुकडा समोर ठेवून "यापासून कोणतं प्रथिन तयार होईल?" असं विचारलं, की उत्तरं ठरावीक तीन-चार ठिकाणीच चुकतात. कोडॉनचा, म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या गटांचा, तक्ता हाताशी असतो, रायबोझोमची, म्हणजे पेशीत प्रथिन जोडणाऱ्या यंत्राची, आकृतीही सुबक काढलेली असते, तरी उत्तर चुकतं. चूक तक्त्यात नसतेच. ती दिशेत असते, सुरुवातीच्या जागेत असते, किंवा नेमकं कोण काय वाचतं याबद्दलच्या गैरसमजात असते.

यातला शेवटचा गैरसमज सगळ्यात खोलवर रुतलेला आहे, म्हणून तो आधीच काढून टाकू. रायबोझोमला अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एकेक दुवा, ओळखता येत नाही. एमआरएनएवरची (डीएनएवरून उतरवलेल्या संदेशाच्या धाग्यावरची) तीन अक्षरं आणि टीआरएनएवरची (अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या रेणूवरची) तीन अक्षरं नीट जुळली की नाही, एवढंच तो पाहतो. टीआरएनएच्या दुसऱ्या टोकाला काय लटकतंय हे त्याला कळत नाही. कोणत्या कोडॉनला कोणतं अमिनो आम्ल, हा निर्णय रायबोझोमकडे पोहोचण्याआधीच झालेला असतो. ही एक गोष्ट मनात पक्की धरून पुढच्या पायऱ्या हाताने करा. नुसत्या वाचून उपयोग नाही, कागद-कात्री घेऊनच बसा.

## आधीची तयारी

लागणाऱ्या वस्तू:

- ५० चौकोनांची एक लांब कागदी पट्टी. हा आपला एमआरएनए.
- पुठ्ठ्याचा एक तुकडा. त्यात शेजारी-शेजारी तीन खिडक्या कापा, प्रत्येक खिडकी बरोबर तीन चौकोनांएवढी. हा रायबोझोम.
- बोटाएवढ्या १३ चिठ्ठ्या. हे टीआरएनए.
- १३ पेपरक्लिपा. प्रत्येक क्लिप म्हणजे एक अमिनो आम्ल. मण्यांपेक्षा क्लिपा बऱ्या, कारण त्या एकमेकींत अडकतात आणि सबंध साखळी उचलून दुसरीकडे नेता येते. पुढे याचीच गरज पडणार आहे.
- कोडॉनचा तक्ता. त्यात ६४ कोडॉन असतात. त्यांपैकी ६१ कोडॉन २० अमिनो आम्लांसाठी आहेत आणि उरलेले ३ थांबण्याचे: यूएए, यूएजी, यूजीए.

पुठ्ठ्यावरच्या खिडक्यांना डावीकडून उजवीकडे ई, पी, ए अशी नावं द्या. ए ही नव्याने येणाऱ्या टीआरएनएची जागा, पी ही वाढती साखळी धरून बसलेल्या टीआरएनएची, आणि ई ही रिकाम्या टीआरएनएची बाहेर पडायची जागा.

सावधान: धाग्याच्या दोन टोकांना ५ प्राइम आणि ३ प्राइम म्हणतात, आणि एमआरएनए ५ प्राइमकडून वाचला जातो. पट्टीचं ५ प्राइम टोक नेहमी डाव्या हाताला ठेवा आणि तिथे मोठ्या अक्षरात "५" लिहा. पट्टी उलटी धरली तर ए आणि ई यांची अदलाबदल होते. मग प्रथिन मागून पुढे तयार होताना दिसतं आणि चूक कुठे झाली ते शोधूनही सापडत नाही.

खऱ्या रायबोझोमबद्दल इथे लागेल तेवढंच सांगतो. त्याचे दोन उपघटक असतात. लहान उपघटकावर एमआरएनए वाचला जातो, मोठ्या उपघटकात अमिनो आम्लं जोडली जातात. जीवाणूंचा रायबोझोम ७०एस, त्याचे भाग ३०एस आणि ५०एस. आपल्या पेशींतल्या पेशीद्रव्यातला ८०एस, त्याचे भाग ४०एस आणि ६०एस. ३० आणि ५० मिळून ८० का होत नाहीत, हा प्रश्न हमखास येतो. एस हे वजनाचं माप नाही. कण वेगाने फिरवल्यावर किती झपाट्याने तळाशी बसतो त्याचं ते माप आहे, आणि ते वजनाइतकंच आकारावरही अवलंबून असतं. त्यामुळे त्याची साधी बेरीज होत नाही.

## पायरी १: कोणता धागा हातात आहे ते ठरवा

उदाहरण खरंच घेऊ. माणसाच्या हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीच्या जनुकाची सुरुवात. प्रश्नात साचा धागा, म्हणजे डीएनएच्या दोन धाग्यांपैकी ज्यावरून एमआरएनए तयार होतो तो, असा दिला आहे, ५ प्राइम टोकाकडून लिहिलेला:

सीटीसी सीटीसी एजीजी एजीटी सीएजी एटीजी सीएसी सीएटी जीजीटीजीटी

हे पाहताच अनेकांचे डोळे मधल्या "एटीजी"वर खिळतात. सापडला एयूजी, असं म्हणत ते टीच्या जागी यू लिहितात आणि वाचायला लागतात: एयूजी सीएसी सीएयू जीजीयू. उत्तर येतं मेथिओनीन, हिस्टिडीन, हिस्टिडीन, ग्लायसीन. दिसायला अगदी व्यवस्थित, पण साफ चूक. एयूजी ही तीन अक्षरं कुठल्याही धाग्यात योगायोगाने सापडू शकतात. ती दिसली म्हणजे धागा बरोबर आहे असं होत नाही.

म्हणून पेन उचलण्याआधी दोन प्रश्न विचारा. दिलेला धागा साचा आहे की त्याच्या जोडीचा? आणि तो कोणत्या टोकाकडून लिहिला आहे? या दोन्हींची उत्तरं कागदाच्या कोपऱ्यात लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## पायरी २: एमआरएनए लिहून काढा

साच्यावरून आरएनए तयार करणारं विकर साचा ३ प्राइमकडून ५ प्राइमकडे वाचतं आणि नवा आरएनए ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे वाढवतं. कागदावर याचा अर्थ असा, की दिलेला साचा शेवटच्या अक्षरापासून उलटा वाचायचा आणि प्रत्येक अक्षरासमोर त्याचा जोडीदार लिहायचा: एसमोर यू, टीसमोर ए, जीसमोर सी, सीसमोर जी.

आपल्या धाग्याचं शेवटचं अक्षर टी, त्याच्यासमोर ए. मग जी, त्याच्यासमोर सी. असं करत गेलं की हे मिळतं:

एसीएसीसी एयूजी जीयूजी सीएयू सीयूजी एसीयू सीसीयू जीएजी जीएजी

प्रश्नात जोडीचा धागा दिला असेल, म्हणजे ज्याला कोडिंग धागा म्हणतात तो, तर हे काही करायचं नाही. फक्त टी काढून यू लिहायचा. इथे सवयीने जोडीदार लिहीत बसणारेही बरेच असतात.

तपासणी: तयार झालेल्या ओळीत एकही टी नको. अक्षरांची संख्या साच्याइतकीच हवी. इथे दोन्हीकडे २९.

आता सरावाची पट्टी पूर्ण करू. वरच्या २९ अक्षरांपुढे त्याच एमआरएनएचा शेवटचा तुकडा जोडा. मधला मोठा भाग मी गाळला आहे, पण तिनाच्या पटीत गाळला आहे, म्हणून वाचन बिघडत नाही:

जीसीसी सीएसी एएजी यूएयू सीएसी यूएए जीसीयू

एकूण ५० अक्षरं झाली. एका चौकोनात एक, अशी पट्टीवर लिहा. अक्षरांच्या मध्ये मोकळी जागा सोडू नका. खऱ्या एमआरएनएवर कोडॉनच्या मध्ये फट नसते, स्वल्पविरामही नसतो. वर मी वाचायला सोपं जावं म्हणून तोडून लिहिलं आहे, आणि याच सवयीने पुढच्या पायरीत घात होतो.

सावधान: आपल्या पेशींत केंद्रकातल्या डीएनएवरून थेट असं वाचता येत नाही. बीटा साखळीच्या जनुकात मध्ये दोन इंट्रॉन, म्हणजे प्रथिनासाठी न वाचले जाणारे तुकडे, आहेत. ते कापून उरलेले तीन तुकडे जोडल्यावरच एमआरएनए पेशीद्रव्यात येतो. सबंध जनुकाचा क्रम घेऊन बसलात तर इंट्रॉन आधी काढा.

## पायरी ३: सुरुवात शोधा आणि वाचनचौकट पक्की करा

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. पट्टीच्या पहिल्या अक्षरापासून तीन-तीनचे गट पाडून बघा:

एसीए, सीसीए, यूजीजी, यूजीसी, एयूसी, यूजीए.

थ्रिओनीन, प्रोलीन, ट्रिप्टोफॅन, सिस्टीन, आयसोल्युसीन आणि थांबा. पाच अमिनो आम्लांतच गाडी थांबली. पट्टीतली अक्षरं तीच आहेत, फक्त गट भलत्या जागी पाडले, म्हणजे वाचनचौकट चुकली. दुसऱ्या अक्षरापासून सुरुवात केली तर आणखी वेगळा क्रम येतो: सीएसी, सीएयू, जीजीयू, जीसीए, यूसीयू, जीएसी, यूसीसी, यूजीए. तोही थांब्यावरच जाऊन आपटतो. ६४ पैकी ३ कोडॉन थांब्याचे असल्याने चुकीच्या चौकटीत ते लवकर भेटतात, आणि याचा चांगला उपयोग होतो. लांब एमआरएनएचं वाचन थोडक्यात आटोपलं, तर आधी स्वतःच्या चौकटीवर संशय घ्या.

बरोबर पद्धत अशी: डावीकडून सरकत पहिला एयूजी शोधा, त्याच्या एवर लाल खूण करा, आणि तिथून पुढे तीन-तीनचे गट पाडा. आधीची पाच अक्षरं वाचली जात नाहीत. ती वाया गेलेलीही नाहीत. बीटा साखळीच्या खऱ्या एमआरएनएमध्ये एयूजीच्या आधी ५० अक्षरं आहेत, आपण त्यांपैकी शेवटची पाच घेतली आहेत.

पेशी एयूजी कसा शोधते, याची आपल्याकडची आणि जीवाणूंकडची रीत वेगळी आहे. जीवाणूंमध्ये एयूजीच्या थोडं आधी ए आणि जी यांनी भरलेला एक छोटा पट्टा असतो, आणि लहान उपघटकातल्या १६एस आरएनएचं टोक त्याच्याशी थेट जोडी जमवतं. त्यामुळे जीवाणूंच्या एकाच एमआरएनएवर तीन-चार ठिकाणांहूनही वाचन सुरू होऊ शकतं. आपल्या पेशींत लहान उपघटक ५ प्राइम टोकावरच्या टोपीपाशी चढतो आणि सरकत येतो. बहुतेक वेळा भेटलेला पहिला एयूजी तो पकडतो, पण त्याचा शेजारही पाहतो. एयूजीच्या तीन अक्षरं आधी ए किंवा जी, आणि एयूजीच्या लगेच पुढे जी असेल तर पकड घट्ट बसते. आपली पट्टी बघा: तीन अक्षरं आधी ए आहे, आणि पुढे जी आहे.

तपासणी: लाल खुणेपासून यूएएच्या शेवटच्या एपर्यंत ४२ अक्षरं यायला हवीत, म्हणजे १४ कोडॉन. संख्येला तिनाने पूर्ण भाग जात नसेल तर लिहिताना एखादं अक्षर सुटलं किंवा वाढलं आहे.

## पायरी ४: टीआरएनए भरून ठेवा

ही पायरी रायबोझोमच्या बाहेर होते, म्हणून बहुतेक आकृत्यांत ती नसतेच. अर्थ मात्र इथेच ठरतो, त्यामुळे इथे घाई करू नका.

प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक खास विकर असतं. ते योग्य टीआरएनए ओळखतं आणि त्याच्या ३ प्राइम टोकाला, जिथे सीसीए ही तीन अक्षरं असतात, ते अमिनो आम्ल जोडतं. त्यासाठी एटीपी हा पेशीतला ऊर्जेचा रेणू खर्च होतो आणि एएमपी उरतो, म्हणजे दोन उच्च-ऊर्जा बंध तुटतात. ही ऊर्जा टीआरएनए आणि अमिनो आम्लाच्या जोडणीत साठून राहते आणि पुढे पेप्टाइड बंध, म्हणजे दोन अमिनो आम्लांमधला जोड, तयार करायला तीच वापरली जाते.

आता तेरा चिठ्ठ्या तयार करा. एका टोकाला अँटीकोडॉन, म्हणजे कोडॉनशी जुळणारी टीआरएनएवरची तीन अक्षरं, लिहा, दुसऱ्या टोकाला क्लिप लावा आणि क्लिपेवर अमिनो आम्लाचं नाव चिकटवा.

अँटीकोडॉन लिहिताना दिशेचा घोळ पुन्हा होतो. एयूजी या कोडॉनच्या बरोबर खाली जोडीदार लिहिले तर यूएसी दिसतं, पण ते ३ प्राइमकडून ५ प्राइमकडे आहे. नेहमीच्या पद्धतीने लिहायचं तर ते सीएयू होतं. दोन्ही रूपं बरोबर आहेत, फक्त टोकं लिहा.

सावधान: तक्त्यात अँटीकोडॉन कधीही शोधू नका. तक्ता कोडॉनचा आहे. मेथिओनीनच्या टीआरएनएचं "यूएसी" तक्त्यात शोधलं तर टायरोसीन मिळतं, "सीएयू" शोधलं तर हिस्टिडीन.

आणखी एक बारकावा. आपल्या पट्टीत हिस्टिडीन तीनदा येतं: एकदा सीएयूने आणि दोनदा सीएसीने. यासाठी दोन वेगळे टीआरएनए लागत नाहीत. ५ प्राइमकडून जीयूजी असा अँटीकोडॉन असलेला एकच प्रकार दोन्ही कोडॉन वाचतो. कारण कोडॉनच्या तिसऱ्या जागी थोडी ढिलाई चालते: अँटीकोडॉनचा पहिला जी तिथे सीशीही जुळतो आणि यूशीही. म्हणून तिन्ही हिस्टिडीनच्या चिठ्ठ्यांवर एकच अँटीकोडॉन लिहा. पहिल्या दोन जागांवर मात्र ही सूट नाही.

## पायरी ५: सुरुवातीची जुळणी

क्रम पाळा:

१. पट्टीवर आधी फक्त लहान उपघटक येतो. पुठ्ठा अजून ठेवू नका.

२. सुरुवातीचा खास टीआरएनए मेथिओनीन घेऊन एयूजीवर बसतो. जीवाणूंत या मेथिओनीनला फॉर्मिल गट लावलेला असतो. आपल्या पेशींत हा टीआरएनए एमआरएनए भेटण्याआधीच लहान उपघटकावर चढलेला असतो.

३. मग मोठा उपघटक वरून बसतो. आता पुठ्ठा ठेवा, आणि असा ठेवा की पी खिडकीत एयूजी येईल.

तपासणी: पीमध्ये एयूजी, एमध्ये जीयूजी. ईमध्ये एसीसी ही अक्षरं दिसतील, पण तिथे टीआरएनए नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे मेथिओनीन ए खिडकीतून आत आणणं. सुरुवातीचा टीआरएनए हा एकमेव अपवाद, तो थेट पीमध्ये बसतो. त्यानंतरचा प्रत्येक टीआरएनए एमधूनच येतो. एखाद्या एमआरएनएच्या मध्येच, चौकटीत, पुन्हा एयूजी आला तर तिथलं मेथिओनीन दुसऱ्या, साध्या टीआरएनएवरून येतं आणि तेही एमधूनच.

## पायरी ६: साखळी वाढवा

एका फेरीत चार हालचाली असतात. पहिली फेरी अगदी सावकाश करा.

प्रवेश. जीयूजीसाठीची व्हॅलीनची चिठ्ठी ए खिडकीत ठेवा. पेशीत ती एकटी येत नाही. एक साहाय्यक प्रथिन जीटीपी या एटीपीसारख्याच ऊर्जेच्या रेणूसकट तिला घेऊन येतं. चुकीचे टीआरएनएही सारखे येऊन धडकत असतात, पण जुळत नाहीत म्हणून निघून जातात.

पडताळणी. कोडॉन आणि अँटीकोडॉन जुळले की लहान उपघटकातला आरएनए त्या जोडीचा आकार, विशेषतः पहिल्या दोन जागांचा, चाचपून पाहतो. आकार बरोबर असेल तरच जीटीपी फुटतो, साहाय्यक प्रथिन सुटतं आणि टीआरएनए नीट आत बसतो. त्यामुळे चुका साधारण हजार ते दहा हजार कोडॉनमागे एक इतक्या कमी होतात. चिठ्ठी ठेवताना तुम्हीही फक्त अक्षरं बघा. क्लिपेवरचं नाव झाकून ठेवलंत तर उत्तम, कारण रायबोझोमलाही ते दिसत नाही.

जोडणी. आता पीमधली मेथिओनीनची क्लिप काढा आणि एमधल्या व्हॅलीनच्या क्लिपेत अडकवा. दिशा नीट पाहा. नवं अमिनो आम्ल साखळीकडे जात नाही, साखळी नव्या अमिनो आम्लावर येते. बहुसंख्य वह्यांत बाण उलटा काढलेला असतो. बाण उलटा काढला की साखळी जन्मभर पीमध्येच राहते आणि ए रिकामी का होते, मग सरकायचं कशाला, काहीच उलगडत नाही. पहिल्या फेरीत एकच क्लिप असल्याने फरक जाणवत नाही. पाचव्या-सहाव्या फेरीत सबंध लोंबती साखळी उचलून शेजारच्या चिठ्ठीवर न्यावी लागते, तेव्हा तो हाताला कळतो.

हा बंध मोठ्या उपघटकाच्या गाभ्यात तयार होतो, आणि तिथे काम करतं ते प्रथिन नसून रायबोझोमचा स्वतःचा आरएनए. जीवाणूंत २३एस, आपल्याकडे २८एस. "पेप्टाइड बंध जीटीपीच्या ऊर्जेने होतो" हे वाक्य चूक आहे. ती ऊर्जा चौथ्या पायरीत टीआरएनए भरताना साठवली होती. जीटीपी लागतो तो प्रवेशाला आणि सरकण्याला.

सरकणं. दुसरं साहाय्यक प्रथिन आणखी एक जीटीपी खर्चून रायबोझोमला बरोबर तीन अक्षरं पुढे नेतं. पुठ्ठा तीन चौकोन उजवीकडे सरकवा, चिठ्ठ्या मात्र आपापल्या कोडॉनला चिकटलेल्याच राहू द्या. व्हॅलीनची चिठ्ठी साखळीसह आता पीमध्ये दिसेल, मेथिओनीनची रिकामी चिठ्ठी ईमध्ये, आणि एमध्ये नवा कोडॉन सीएयू उघडा पडेल. ईमधली चिठ्ठी काढून बाजूला ठेवा.

चिठ्ठ्या पुठ्ठ्याबरोबर ओढत नेल्या तर सगळं विस्कटतं. पी, ए, ई या रायबोझोमच्या जागा आहेत. टीआरएनए एका जागेतून दुसऱ्या जागेत उडी मारत नाही. तो आपल्या कोडॉनला धरून असतो आणि जागाच त्याच्यावरून पुढे सरकतात.

तपासणी: प्रत्येक फेरीनंतर पीमध्ये साखळी आणि ए रिकामी. साखळीच्या मोकळ्या टोकाला कायम मेथिओनीन हवं. ते अमिनो टोक. नवीन भर नेहमी टीआरएनएजवळच्या टोकाला पडते.

पुढच्या फेऱ्या अशाच. क्रमाने हिस्टिडीन, ल्युसीन, थ्रिओनीन, प्रोलीन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, अॅलनीन, हिस्टिडीन, लायसीन, टायरोसीन, हिस्टिडीन. एकूण १२ फेऱ्या होतील. जीवाणूचा रायबोझोम सेकंदाला १५ ते २० फेऱ्या करतो. आपल्या पेशींतला साधारण ५.

खरी साखळी बाहेर अशी मोकळी लोंबत नाही. ती मोठ्या उपघटकातल्या बोगद्यातून जाते, आणि शेवटची ३० ते ४० अमिनो आम्लं कायम आतच असतात. तिचं पुढचं टोक बाहेर पडलं की आधी ते वाचलं जातं. त्यावर ठरावीक संकेत असेल तर सबंध रायबोझोम आंतरद्रव्यजालिकेला, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याला, जाऊन चिकटतो. "मोकळे रायबोझोम" आणि "चिकटलेले रायबोझोम" असे दोन प्रकार वहीत लिहिले असतील तर खोडा. रायबोझोम एकाच प्रकारचे असतात, कुठे जायचं ते हातातली साखळी ठरवते.

## पायरी ७: थांबा

बाराव्या सरकण्यानंतर एमध्ये यूएए येतो. आता कोणती चिठ्ठी ठेवायची? कोणतीच नाही. थांब्याच्या कोडॉनसाठी टीआरएनए नसतो. तिथे मुक्ती-घटक नावाचं प्रथिन येऊन बसतं. ते साखळी आणि पीमधला टीआरएनए यांच्यातला बंध पाण्याच्या रेणूने तोडायला लावतं. साखळी सुटते आणि मग दोन्ही उपघटक वेगळे होऊन पुन्हा वापरले जातात.

सावधान: यूएएच्या पुढचं जीसीयू वाचू नका. ते अॅलनीनचं कोडॉन दिसतं, पण तिथवर कोणी पोहोचतच नाही. आणि उत्तरात "थांबा" हे चौदावं अमिनो आम्ल म्हणून मोजू नका.

## पायरी ८: हिशेब जुळवा

कोडॉन १४, अमिनो आम्लं १३, पेप्टाइड बंध १२. टीआरएनए भरायला १३ एटीपी, म्हणजे २६ उच्च-ऊर्जा बंध. वाढीच्या १२ फेऱ्यांना प्रत्येकी २ प्रमाणे २४ जीटीपी. सुरुवातीचा आणि शेवटाचा खर्च वेगळा.

सबंध बीटा साखळीचा हिशेबही करून बघा: १४७ अमिनो आम्लांचे कोडॉन आणि एक थांबा, म्हणजे ४४४ अक्षरं. पण पुस्तकात या साखळीत १४६ अमिनो आम्लं दिलेली असतात. दोन्ही बरोबर आहे, कारण सुरुवातीचं मेथिओनीन नंतर कापून टाकलं जातं. सिकल सेलच्या आजारात बदललेली जागा कुठे "सहावी" तर कुठे "सातवी" का लिहिलेली असते, तेही यातच आलं. मेथिओनीन मोजलं तर सातवी, नाही मोजलं तर सहावी.

## पायरी ९: मुद्दाम बिघाड करून पाहा

पट्टी बिनचूक झाली, की तीच बिघडवायला घ्या. समजलंय की पाठ झालंय, ते इथे कळतं.

पहिल्या जीएजीमधला ए काढून यू लिहा. जीयूजी झाला, ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलं. एवढाच बदल म्हणजे सिकल सेल. बाकीची साखळी जशीच्या तशी राहते. त्याच जागी जीएए लिहिलं तर काहीच बदलत नाही, कारण तोही ग्लुटामिक आम्लाचाच कोडॉन आहे. यूएजी लिहिलं तर सहा अमिनो आम्लांनंतर साखळी सुटते.

आता बदलण्याऐवजी तोच ए सबंध काढून टाका आणि पुढची अक्षरं एकेक घर मागे सरकवा. सीसीयूनंतर वाचन असं होतं: जीजीजी, एजीजी, सीसीसी, एसीए, एजीयू, एयूसी, एसीयू, एएजी, आणि शेवटी सीयू अशी दोनच अक्षरं उरतात. यूएए दोन कोडॉनांत वाटला जाऊन नाहीसा झाला. पट्टी संपली तरी साखळी सुटत नाही. पेशीत असे अडकलेले रायबोझोम सोडवायला वेगळी यंत्रणा असते.

जीवाणूंच्या रायबोझोमवर चालणारी प्रतिजैविकंही पुठ्ठ्यावर करून बघता येतात. टेट्रासायक्लिन: ए खिडकीवर बोट ठेवा, चिठ्ठी आत बसत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल: पी आणि ए दोन्ही भरलेल्या, पण क्लिप हलवायला मनाई. एरिथ्रोमायसिन: बोगद्याचं तोंड बंद, थोड्या फेऱ्यांनंतर साखळी अडते. कोणतं औषध फेरीच्या कोणत्या हालचालीवर काम थांबवतं हे पाठ करावं लागत नाही, हात अडतो तिथे कळतं.

शेवटचा बिघाड सगळ्यात महत्त्वाचा. सीएयूवर बसणाऱ्या हिस्टिडीनच्या चिठ्ठीवरची क्लिप काढून तिथे अॅलनीनची क्लिप लावा. अँटीकोडॉनला हात लावू नका. आता नियम पाळून फेऱ्या करा. पडताळणीत चिठ्ठी पास होते, जोडणी होते, पुठ्ठा सरकतो, आणि तिसऱ्या जागी अॅलनीन येतं. कुठेच काही अडत नाही. १९६२ मध्ये हाच प्रयोग खऱ्या रेणूंवर झाला होता: टीआरएनएवर आधीच जोडलेल्या सिस्टीनचं रासायनिक क्रियेने अॅलनीन केलं, आणि तयार झालेल्या साखळीत सिस्टीनच्या जागी अॅलनीन जाऊन बसलं. तुमच्या पुठ्ठ्यावर मात्र चिठ्ठी परत पाठवली गेली असेल, तर तुम्ही अजून क्लिपेवरचं नाव वाचताय. नावं झाका आणि सहाव्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.